खोकताना लघवी गळते, स्लिंग सुचवली आहे: आधी काय तपासायचं, पट्टी कशी बसवतात आणि ती सैल का ठेवतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 46, दोन्ही बाळंतपणं नैसर्गिक. खोकलं, शिंकलं, हसलं, जड काही उचललं की लघवी गळते. दिवसाला तीन-चार पॅड लागतात. डॉक्टरांनी ‘स्लिंग टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे’ असं सुचवलं. स्लिंग म्हणजे मूत्रमार्गाखाली आधाराला बसवायची जाळीदार पट्टी. काही देशांत ही जाळी बंद झाल्याचं वाचनात आलं. तर ही शस्त्रक्रिया करून घ्यावी का, तिच्यात नेमकं काय करतात, कोणता प्रकार निवडावा आणि बिघडतं ते काय?

अर्धा तास हे खरं आहे. पण निकाल ठरतो तो दोन गोष्टींवर: आधी केलेलं निदान, आणि पट्टी किती सैल ठेवली. शस्त्रक्रियेनंतर ज्या तक्रारी घेऊन बायका परत येतात, त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या दोहोंपैकी एकात सापडतं. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यांवरच आहे.

ताणामुळे गळणारी लघवी आणि घाईमुळे गळणारी लघवी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत मूत्राशय शांत असतं. पोटातला दाब अचानक वाढतो आणि मूत्रमार्ग तो पेलू शकत नाही. गळती खोकल्याबरोबरच होते, थोडी होते, खोकला थांबला की थांबते. दुसरीत मूत्राशय आपणहून आकुंचन पावतं: जोराची लागते, संडासापर्यंत पोचेपर्यंत धीर निघत नाही आणि गळते तेव्हा कपडे भिजतात. स्लिंग पहिल्या तक्रारीवर चालते. दुसरीवर ती उपाय नाही, उलट कधीकधी ती तक्रार वाढवते. बऱ्याच जणींना दोन्ही असतात. तेव्हा जास्त त्रास कशाचा हे नीट विचारून, घाईच्या लघवीवर आधी औषध आणि लघवी रोखून धरण्याचा सराव देऊन मगच पट्टीकडे वळावं. पट्टी टाकली की घाईही जाईल, असं आश्वासन कुणी देत असेल तर ते मनावर घेऊ नका.

यात एक फसवा प्रकार आहे. खोकल्यानंतर दोन-तीन सेकंदांनी गळती सुरू होते आणि बराच वेळ चालते. रुग्ण ‘खोकताना गळते’ असंच सांगते, पण इथे खोकल्याने मूत्राशय चाळवलेलं असतं. तपासताना डोळ्यांनी पाहिलं नाही तर हा फरक कळत नाही आणि चुकीच्या तक्रारीवर पट्टी बसते. म्हणून भरल्या मूत्राशयाने खोकून पाहण्याची चाचणी टाळू नये. मूत्राशयात साधारण 300 मिलिलिटर लघवी असावी, आधी झोपवून आणि गळती दिसली नाही तर उभं करून जोरात खोकायला सांगावं. थेंब खोकल्याच्या क्षणीच उडाले आणि लगेच थांबले तर निदान पक्कं. रिकाम्या मूत्राशयाने केलेली चाचणी कोरडी आली तर तिला काही अर्थ नाही.

याखेरीज चार गोष्टी लागतात. लघवीची साधी तपासणी, कारण जंतुसंसर्ग असताना कुठलीच गळती नीट मोजता येत नाही. तीन दिवसांची नोंद: किती वाजता किती प्यायलं, किती लघवी झाली, कधी आणि काय करताना गळली. लघवी झाल्यावर आत किती उरते याचं माप, सोनोग्राफीने किंवा कॅथेटरने, म्हणजे मूत्राशयात घातलेल्या नळीने; ते 100 मिलिलिटरच्या आत असावं. आणि योनीमार्गाची तपासणी. अंग बाहेर येत असेल तर ते हाताने वर ढकलूनही खोकायला लावतात, कारण खाली उतरलेल्या मूत्राशयामुळे मूत्रमार्ग मुडपला जातो आणि खरी गळती झाकली जाते. त्याच तपासणीत खोकताना मूत्रमार्ग खाली-मागे सरकतो की जागीच राहतो हेही दिसतं. सरकणाऱ्या मूत्रमार्गावर पट्टी उत्तम काम करते; चिकटून जागीच राहिलेल्या मूत्रमार्गावर तिचा भरवसा कमी.

युरोडायनॅमिक म्हणजे मूत्राशयातले दाब मोजणारी तपासणी प्रत्येकीला लागत नाही. अमेरिकेत 630 स्त्रियांवर झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साध्या सरळ ताणाच्या गळतीत ही तपासणी केली काय आणि न केली काय, वर्षभरानंतरचं यश सारखंच, सुमारे 77 टक्के निघालं. आधी अशीच शस्त्रक्रिया झाली असेल, घाईची गळती ठळक असेल, लघवी अडखळत होत असेल, आत जास्त उरत असेल किंवा मज्जातंतूंचा आजार असेल, तर मात्र ती करावीच.

आता व्यायाम. कटीतळाच्या, म्हणजे मूत्राशय आणि योनीमार्ग यांना खालून पेलणाऱ्या स्नायूंचा व्यायाम ‘करून बघितला, फरक नाही’ असं बहुतेकजणी सांगतात. खोलात विचारलं तर कुणीतरी कागद हातात दिलेला असतो, एवढंच. किमान तीन महिने, दिवसातून तीन वेळा, दर वेळी किमान आठ आकुंचनं, हे प्रमाण आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे योग्य स्नायू आवळला जातोय का हे कुणीतरी योनीमार्गात बोट ठेवून तपासलेलं असावं. पोट आवळणं, मांड्या जुळवणं, श्वास रोखून खाली जोर देणं या नेहमीच्या चुका आहेत. शेवटची चूक तर गळती वाढवते. नीट केलेल्या व्यायामाने थोडी-मध्यम गळती असलेल्या अनेकींचं भागतं आणि चाकू टळतो.

तरी त्याची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. नेदरलँड्समध्ये 460 स्त्रियांच्या अभ्यासात, 2013 साली, वर्षभराने बरं वाटलेल्यांचं प्रमाण पट्टीच्या गटात 90.8 टक्के आणि व्यायामाच्या गटात 64.4 टक्के होतं. आणि व्यायामापासून सुरुवात केलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणींनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. मध्यम ते जास्त गळतीत व्यायाम आधी करणं योग्यच, पण तो पुरला नाही म्हणून स्वतःला दोष देण्याचं काहीच कारण नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हा खरा उपचार आहे, उपदेश नव्हे: 2009 सालच्या एका अभ्यासात वजन सरासरी 8 टक्के उतरल्यावर आठवड्यातल्या गळतीच्या वेळा 47 टक्क्यांनी कमी झाल्या. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठता यांवर उपचार न करता पट्टी टाकली तर तिच्यावर रोज ताण येत राहतो. पाळी गेल्यावर योनीमार्ग कोरडा, पातळ झाला असेल तर शस्त्रक्रियेआधी काही आठवडे इस्ट्रोजेनचं मलम लावावं. जखम चांगली भरते. आणखी मूल हवं असेल तर पट्टी पुढे ढकलावी.

पट्टी करते काय? ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रॉस आणि स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन यांनी 1990 साली मांडलं की गळतीचा दोष मूत्राशयाच्या मानेशी नसून मूत्रमार्गाच्या मधल्या भागाला धरून ठेवणाऱ्या बंधांमध्ये आहे. त्यातूनच पुढे टीव्हीटी (टेन्शन-फ्री व्हजायनल टेप, म्हणजे ताण न देता बसवलेली पट्टी) नावाची शस्त्रक्रिया आली. त्याआधीच्या शस्त्रक्रिया मूत्राशयाची मान वर ओढून बांधत. ही पट्टी काहीच वर ओढत नाही. रबरी नळी चिखलात पडलेली असेल आणि वर पाय दिला तर ती नुसती रुतते, पाणी चालूच राहतं. खाली फरशी असेल तर दबते आणि पाणी थांबतं. पट्टी ती फरशी पुरवते. एरवी ती मूत्रमार्गाला दाबत नाही. खोकल्याने मूत्रमार्ग खाली आला की तिच्यावर टेकून मिटतो. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम 3 ते 4 सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे ‘मधला भाग’ म्हणजे सेंटिमीटरभराची जागा. पट्टी वर सरकून मूत्राशयाच्या मानेखाली बसली तर गळती थांबत नाही आणि लघवी मात्र अडते.

पट्टी पॉलिप्रोपिलिन या प्लॅस्टिकच्या एकेरी धाग्याची विणलेली असते, साधारण 1.1 सेंटिमीटर रुंद आणि 40-45 सेंटिमीटर लांब. एकेरी धागा आणि 75 मायक्रॉनपेक्षा मोठी छिद्रं या दोन अटी सोडू नयेत. मोठ्या छिद्रांतून शरीराच्या पांढऱ्या पेशी आत शिरून जंतूंपर्यंत पोचतात आणि शरीराचे तंतू त्यातून वाढून पट्टी पकडतात. अनेक धागे पिळून केलेल्या पट्ट्यांच्या फटींमध्ये जंतू जातात पण पेशी पोचत नाहीत. जुन्या काळी संसर्गाच्या आणि पट्टी उघडी पडण्याच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांत अशा पट्ट्यांचा मोठा वाटा होता. पट्टी निळ्या किंवा तशाच उठून दिसणाऱ्या रंगाची असलेली बरी, कारण पुढे कधी ती कापायची वेळ आली तर शोधायला सोपी जाते.

जघनाच्या हाडामागून जाणारी मूळ पद्धत अशी. भूल जागेपुरती आणि सोबत गुंगीचं औषध, कमरेतून, किंवा पूर्ण, कुठलीही चालते. प्रतिजैविकाचा एक डोस चीर देण्याआधी. पाय आधारावर, मूत्राशय पूर्ण रिकामं, त्यात 18 फ्रेंचचा (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) फोली कॅथेटर. जघनाच्या हाडाच्या लगेच वर, मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना 2 ते 2.5 सेंटिमीटरवर त्वचेवर खुणा. मग योनीमार्गाच्या पुढच्या भिंतीत आणि हाडामागच्या जागेत पातळ केलेलं भुलीचं औषध अॅड्रिनलिनसह टोचतात. त्याने रक्तस्राव कमी होतो, शिवाय द्रवाने मूत्राशय हाडापासून मागे सरतं आणि सुईला वाट मिळते. ही पायरी आळसाने गाळली जाते आणि मग मूत्राशयाला भोक पडलं की आश्चर्य व्यक्त होतं.

मूत्रमार्गाच्या तोंडापासून 1 सेंटिमीटर आत सुरू करून दीड सेंटिमीटरची उभी चीर देतात. चीर पूर्ण जाडीची हवी. वरवरची दिली तर पट्टीवर पातळ त्वचेचा पदर राहतो आणि काही महिन्यांनी ती उघडी पडते. बारीक कात्रीने दोन्ही बाजूंना हाडाच्या खालच्या कडेपर्यंत बोगदा करायचा, पट्टी सपाट बसेल इतकाच रुंद. जास्त रुंद केला तर पट्टी जागा सोडते.

सुई टाकण्याआधी कॅथेटरमध्ये ताठ सळई घालून तिची बाहेरची बाजू ज्या बाजूला सुई टाकायची त्याच बाजूला वळवतात, म्हणजे मूत्राशयाची मान विरुद्ध बाजूला सरते. पट्टीच्या टोकाला जोडलेली 5 मिलिमीटर जाडीची वाकडी सुई बोगद्यात, तर्जनी योनीमार्गात तिच्या टोकाखाली. टोक त्याच बाजूच्या खांद्याच्या दिशेने रोखून आतला पडदा भेदायचा. प्रतिकार एकदम सुटल्याचं हाताला कळतं. त्या क्षणी मूठ खाली करायची आणि टोक हाडाच्या मागच्या पृष्ठभागाला घासत वर न्यायचं. सगळी सुरक्षितता या घासण्यात आहे. टोक हाड सोडून मागे गेलं तर मूत्राशय, त्याहून वर-मागे गेलं तर आतडं. बाहेरच्या बाजूला भरकटलं तर मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या. आतड्याची आणि मोठ्या वाहिन्यांची इजा अत्यंत विरळा आहे, पण झाली तर जिवावर बेतते. पूर्वी पोटावर शस्त्रक्रिया होऊन आतडं हाडामागे चिकटलेलं असण्याची शक्यता असेल तर ही वाट निवडताना दहादा विचार करावा.

दोन्ही सुया वर आल्या की त्या जागेवर असतानाच मूत्राशयात 200-300 मिलिलिटर द्रव भरून 70 अंशांच्या दुर्बिणीने आत पाहायचं. भोक बहुधा पुढच्या भिंतीत, घड्याळाच्या 10-11 आणि 1-2 च्या जागी असतं; मूत्राशय पुरेसं फुगलेलं नसेल तर घडीत लपतं. सुई आत दिसली तर ती मागे काढून, मूत्राशय रिकामं करून पुन्हा टाकायची आणि कॅथेटर एक-दोन दिवस जास्त ठेवायचा. भोक आपोआप भरतं. एवढ्याने ही इजा किरकोळ राहते. न पाहता पट्टी तशीच आत सोडली तर पुढे खडे, वारंवार संसर्ग आणि कायमची वेदना. म्हणून दुर्बिणीने पाहिल्याशिवाय ही शस्त्रक्रिया पूर्ण झाली असं मानू नये.

आणि आता ताण. पट्टी वर ओढून घेताना मूत्रमार्ग आणि पट्टी यांच्यामध्ये कात्रीचं टोक किंवा 8 नंबरचा हेगार डायलेटर (गुळगुळीत धातूची सळई) ठेवतात. पट्टीवरचं प्लॅस्टिकचं आवरण काढताना तो काढायचा नाही. आवरण ओढताना पट्टीही ओढली जाते आणि मघाशी सैल असलेली पट्टी आवरण निघाल्यावर घट्ट झालेली असते. आवरण निघाल्यावर डायलेटर सहज आत-बाहेर झाला पाहिजे आणि पट्टी सपाट, बिनवळीची दिसली पाहिजे. आवरण निघालं की जाळी आसपासच्या पेशींना घट्ट पकडते, तिला टाके लागत नाहीत. पण त्यामुळेच पुढे-मागे करायची संधीही संपते. रुग्ण जागी असेल तर 250-300 मिलिलिटर भरून खोकायला लावतात आणि एखादा थेंब येईल इतपत सैल ठेवतात. पूर्ण कोरडं होईपर्यंत ओढण्याचा मोह इथेच आवरायचा. सैल पट्टीचा तोटा म्हणजे थोडी गळती राहणं. घट्ट पट्टीचा तोटा म्हणजे लघवी तुंबणं, घाई, मूत्रमार्ग कापला जाणं. दोन्हींत पहिला तोटा परवडतो. शेवटी पट्टीची टोकं त्वचेखाली कापून योनीमार्गाला विरघळणारे टाके घालतात.

दुसरी वाट जांघेतून जाते. फ्रान्सचे इमॅन्युएल डेलॉर्म यांनी 2001 साली बाहेरून आत आणि बेल्जियमचे जाँ द लव्हाल यांनी 2003 साली आतून बाहेर, अशा दोन तऱ्हा मांडल्या. कटीच्या हाडातलं मोठं छिद्र, त्यावरचा पडदा आणि मांडीचे स्नायू यांतून पट्टी दोन्ही जांघांत निघते. हाडामागची जागा पूर्ण टळते, त्यामुळे मूत्राशय आणि आतडं बरंचसं सुरक्षित. पण त्याच छिद्राच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातून मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. सुई त्यांच्यापासून दूर, हाडाच्या आतल्या कडेला धरून फिरवावी लागते. इथली खास चूक म्हणजे योनीमार्गाच्या बाजूच्या खाचेत सुईने भोक पाडणं. प्रत्येक सुईनंतर दोन्ही खाचा बोटाने आणि डोळ्यांनी तपासायच्या. भोक दिसलं तर सुई काढून पुन्हा टाकून ते शिवायचं, नाहीतर तिथेच पट्टी उघडी पडणार.

कोणती निवडावी? अमेरिकेतल्या 597 स्त्रियांच्या तुलनेत, 2010 साली, तपासून ठरवलेलं वर्षभराचं यश हाडामागून 80.8 टक्के आणि जांघेतून 77.7 टक्के, म्हणजे जवळपास सारखं. फरक त्रासांच्या प्रकारात आहे. हाडामागच्या पट्टीत लघवी अडल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया लागणाऱ्या 2.7 टक्के, जांघेतल्या पट्टीत एकही नाही. उलट पायात बधिरपणा-अशक्तपणासारख्या तक्रारी हाडामागे 4 टक्के, जांघेत 9.4 टक्के. मूत्राशयाला भोक पडण्याचं प्रमाण हाडामागून सुमारे 4-5 टक्के आणि जांघेतून 1 टक्क्याच्या आत.

माझा कल स्पष्टपणे हाडामागच्या पट्टीकडे आहे. तिचे त्रास बहुतेक शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा पहिल्या दोन आठवड्यांत कळतात आणि सुधारता येतात. जांघेतली वेदना विरळा टिकते, पण टिकली तर मांडीच्या स्नायूंत रुजलेली जाळी पूर्ण काढणं फार अवघड असतं. मूत्रमार्गाची मिटण्याची ताकदच कमी असेल तरही हाडामागची पट्टी सरस ठरते. तिच्या पहिल्या रुग्णांपैकी 17 वर्षांनी ज्यांना तपासता आलं, त्यांतल्या 90 टक्क्यांहून जास्त जणी तपासणीत कोरड्या होत्या. उपचारांचे मार्गदर्शक नियम ठरवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेनेही 2019 साली जांघेतली पट्टी खास कारण असल्याशिवाय देऊ नये असंच म्हटलं. एकाच चिरेतून बसणाऱ्या छोट्या पट्ट्या म्हणजे मिनी-स्लिंग. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात 15 महिन्यांनी त्यांचं यश नेहमीच्या पट्ट्यांइतकंच होतं, 79.1 विरुद्ध 75.6 टक्के, पण तीन वर्षांनी संभोगाच्या वेळी दुखण्याची तक्रार 11.7 विरुद्ध 4.8 टक्के होती. छोटी चीर म्हणजे कमी त्रास, हे गृहीत धरू नका.

‘जाळी बंद झाली’ या बातमीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून मोठ्या जाळ्या बसवत असत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, त्यांची विक्री एप्रिल 2019 मध्ये थांबवली. गळतीवरची अरुंद पट्टी त्या आदेशात नव्हती आणि अमेरिकेत ती वापरात आहे. इंग्लंडमध्ये मात्र जुलै 2018 मध्ये पट्टीचाही वापर सरसकट थांबवला गेला, आणि 2020 सालच्या चौकशी अहवालात अनेक स्त्रियांच्या वेदना वर्षानुवर्षं ऐकूनच घेतल्या गेल्या नाहीत हे नोंदवलं गेलं. ही तक्रार खरी आहे. पट्टी बहुसंख्य बायकांना आयुष्य परत देते आणि थोड्यांना दीर्घकाळचं दुखणं देते; ही दोन्ही वाक्यं शस्त्रक्रियेआधी सांगितली गेली पाहिजेत, आणि संमतीची सही त्यानंतर.

बिघाडांमध्ये लघवी तुंबणं सर्वांत आधी भेटतं. कॅथेटर काढण्याआधी 300 मिलिलिटर द्रव भरून लघवी करायला सांगतात. 200 किंवा जास्त बाहेर आली तर घरी जायला हरकत नाही. सुजेमुळे पहिले काही दिवस धार बारीक असू शकते. तेव्हा कॅथेटर, किंवा स्वतःच दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून मूत्राशय रिकामं करणं, एवढं पुरतं. आठवड्याभराने सुधारणा नसेल तर थांबू नये. साधारण दोन आठवड्यांच्या आत जाळीत तंतू पक्के वाढलेले नसतात, म्हणून त्याच चिरेतून पट्टीखाली उपकरण घालून ती सेंटिमीटरभर खाली ओढता येते आणि पट्टीचा फायदा टिकतो. त्यानंतर ती सरकत नाही, कापावीच लागते. कापल्यावरही निम्म्याहून जास्त जणी कोरड्या राहतात. महिनोन् महिने ‘सुटेल हळूहळू’ म्हणत बसलं तर मूत्राशयाचे स्नायू थकतात आणि मग पट्टी कापूनही घाई जात नाही. मूत्रमार्गाचं रुंदीकरण हा यावरचा उपाय नाही. अडथळा बाहेरून आहे, आतून ताणून तो हलत नाही आणि पट्टीवर मूत्रमार्ग घासून इजा होऊ शकते.

नव्याने घाई सुरू होणं हा दुसरा नेहमीचा त्रास. आधी लघवीतला संसर्ग, मग आत उरणारी लघवी आणि मग दुर्बिणीने मूत्राशयात पट्टी नाही ना, या क्रमाने पाहावं. तिन्ही न पाहता घाईची गोळी सुरू करणं चूक आहे.

पट्टी योनीमार्गात उघडी पडण्याचं प्रमाण सुमारे 2 टक्के. टोचल्यासारखं वाटणं, पांढरं किंवा लालसर पाणी जाणं, संभोगात जोडीदाराला खरखरीत लागणं ही लक्षणं. काहींना काहीच जाणवत नाही, म्हणून सहा महिन्यांच्या आत योनीमार्गाची तपासणी झालीच पाहिजे. अगदी बारीक उघडीप इस्ट्रोजेनच्या मलमाने भरू शकते. मोठी असेल तर उघडा भाग कापून वर त्वचा शिवतात. धूम्रपान आणि ताब्यात नसलेला मधुमेह यांनी हा धोका वाढतो. मूत्रमार्गात शिरलेली पट्टी ही वेगळी आणि गंभीर गोष्ट. ती काढावीच लागते आणि ते काम अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्याकडेच सोपवावं.

पट्टी टाकूनही गळती तशीच राहिली तर पट्टी चुकीच्या जागी, फार सैल, की निदानच चुकीचं, हे युरोडायनॅमिक तपासणी आणि पट्टीची सोनोग्राफी यांनी ठरवूनच दुसरी शस्त्रक्रिया. मूत्रमार्गाला छिद्र, पिशवी किंवा योनीमार्गाशी जोडणारी वाट असेल, ती दुरुस्त करताना मूत्रमार्ग उघडला गेला असेल, किंवा त्या जागेला किरणोपचार झाले असतील, तर कृत्रिम पट्टी बसवूच नये. तिथे पोटाच्या स्नायूवरचं स्वतःचं आवरण कापून केलेली पट्टी वापरतात. जाळी नकोच असेल तरी हा पर्याय चांगला आहे: टिकाऊ आहे, पण पोटावर चीर येते आणि लघवी अडखळण्याची शक्यता जास्त. मूत्रमार्गाच्या भिंतीत भर घालणारी इंजेक्शनं सर्वांत सोपी, मात्र यश कमी आणि पुन्हा घ्यावी लागण्याची शक्यता मोठी.

घरी गेल्यावर आठवडा-दहा दिवस थोडं डाग लागणं नेहमीचं. सहा आठवडे संभोग नको, योनीमार्गात काहीही घालायचं नाही, 5 किलोहून जड उचलायचं नाही. चालणं पहिल्या दिवसापासून. रक्त पातळ करणारी औषधं कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची हे आधीच लेखी घ्या. थेंब थेंब लघवी आणि ओटीपोटात ठणका, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, मांडीत वीज गेल्यासारखी कळ, किंवा जघनाच्या वर फुगत जाणारी काळीनिळी सूज दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. फुगणारी सूज हाडामागे रक्त साठल्याची खूण असते आणि रक्तदाब उतरण्याआधी ती ओळखलेली बरी.

तुमच्या वर्णनावरून गळती ताणाची वाटते. खोकून पाहण्याच्या चाचणीत ती दिसली असेल, तीन महिने तपासून घेतलेला व्यायाम झाला असेल आणि पुढे मूल नको असेल, तर पट्टी हा चांगला निर्णय आहे. डॉक्टरांना विचारा: हाडामागून की जांघेतून आणि का; शस्त्रक्रियेत दुर्बिणीने आत पाहणार का; लघवी अडली तर पट्टी कितव्या दिवशी सैल करता; आणि पुढे जाळी काढायची वेळ आली तर ते काम कोण करतं. पट्टीच्या वेष्टनावरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या आणि ते कार्ड जपून ठेवा. पंधरा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांना नेमकी कोणती पट्टी, कोणत्या वाटेने बसवली हे कळायला तेवढाच कागद उपयोगी पडतो.